शेजारच्या घरातलं पोंदू: काँगोच्या माणसांच्या जेवणाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात परदेशात स्थायिक झालेल्या काँगोच्या कुटुंबांच्या जेवणाखाण्यावर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा पाऊसच पडला. सावदा, चाळीसगाव, धुळे, शिरपूर, रावेर, आणि सुरतेतल्या आपल्या खान्देशी वस्तीतूनसुद्धा. म्हणून यावेळी सगळं सदर याच विषयाला दिलंय. सुरुवातीलाच एक खुलासा करते, काँगो दोन आहेत, एकाच नदीच्या दोन काठांवर, राजधान्यासुद्धा समोरासमोर, किन्शासा आणि ब्राझाव्हिल. तुमची पत्रं किन्शासावाल्या मोठ्या काँगोबद्दल आहेत, जिथे १९६० पर्यंत बेल्जियमचं राज्य होतं आणि १९९६ पासून युद्धामागून युद्ध चाललंय. लोक देश का सोडतात हा प्रश्न कुणीच विचारला नाही, तरी उत्तर माहिती असलेलं बरं.

प्रश्न: ताई नमस्कार, मी सावद्याची. लेक-जावई अमेरिकेत आयोवाला असतात, लेकीच्या बाळंतपणासाठी मी इकडे आलीये. खालच्या मजल्यावर काँगोचं कुटुंब आहे, फार प्रेमळ माणसं. बाळ झाल्याचं कळलं तशी ती बाई भला मोठा डबा घेऊन वर आली. आत हिरवं घट्ट भाजीसारखं, वर तांबडं तेल, आणि मासळीचा वास. मी माळकरी आहे, मला चालत नाही. पण तसाच परत द्यायलाही जीव धजत नाही. काय करू? आणि ते होतं तरी काय?

मावशी, आधी बाळ-बाळंतिणीला आशीर्वाद. तुमच्याकडे आलं ते पोंदू, पूर्वेकडची माणसं त्यालाच सोंबे म्हणतात. ज्या कंदाचा आपला उपासाचा साबुदाणा होतो त्याच झाडाची, कसाव्याची पानं. पानं खुडायची, जून देठ काढून टाकायचे, लाकडी उखळात मुसळानं पार लगदा होईपर्यंत कुटायची आणि मग तासभर, कुणी कुणी त्याहून जास्त वेळ, उकळत ठेवायची. त्यात कांदा, कांद्याची पात, ढोबळी मिरची जाते, काही घरांत वांगंसुद्धा कुटून घालतात (सावद्याच्या माणसाला हे वाचून बरं वाटेल), मग पामचं तांबडं तेल, धुरावर वाळवलेली नाहीतर खारवलेली मासळी, आणि बऱ्याच घरांत शेंगदाण्याचा बारीक कूट. ते तांबडं तेल बघून घाबरू नका, आपल्याकडे किराणा दुकानात पिवळसर पामतेल मिळतं ते ह्याच फळाचं, फक्त रिफाइन करताना त्याचा रंग आणि वास काढून टाकलेला असतो.

आता आयोवातली गोष्ट बघा. तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो, कसावा तिथे जगतच नाही, म्हणजे ती पानं गोठवलेल्या पॅकेटमधून आफ्रिकन दुकानातून आणलेली. पॅकेट नाही मिळालं तर बायका पालकावर भागवतात, पण ज्याला पोंदू म्हणून समोर ठेवायचं, पाहुण्याला द्यायचं, त्याला पालक चालत नाही. उखळ-मुसळ फ्लॅटमध्ये कुठून आणणार, आणलं तरी खालचा-वरचा माणूस तक्रार करेल, म्हणून पानं कुटलेलीच आणतात किंवा मिक्सरला लावतात, आणि मग म्हाताऱ्या बायका चव घेऊन सांगतात की हे कुटलेलं नाही. तर मावशी, तुमच्या लेकीच्या घरी बाळ आलं म्हणून त्या बाईनं फ्रीजरमध्ये जपून ठेवलेलं असणार ते काढलं. साधीसुधी भाजी नाही दिली तिने.

तुम्ही खाल्लं नाही तर तिला राग येईल का? नाही येणार, फक्त खरं सांगा. काँगोत वर्ज्य-अवर्ज्य खूप आहे. तिथलं किंबांगु चर्च आहे, १९२१ साली सायमन किंबांगु यांच्यापासून सुरू झालेलं, लाखो माणसं मानतात, त्यातले लोक दारू आणि डुकराचं मांस शिवत नाहीत. कुळाकुळाचे, गरोदर बाईचे असे वेगळे नियम पण असतात. माझ्या देवाला मासळी चालत नाही हे वाक्य त्या घरात एकदम समजेल. जे करू नका ते एवढंच, की गुपचूप टाकून देऊन "छान होतं हं" म्हणू नका, पुढच्या वेळी ती दुप्पट घेऊन येईल. लेक-जावई खात असतील तर त्यांनी खावं आणि त्यांनीच तिला सांगावं कसं लागलं.

डबा रिकामा द्यायचा नाही हे तुम्हाला मी काय सांगणार. मी म्हणेन अंबाडीची भाजी द्या. तिकडच्या इंडियन स्टोअरमध्ये गोंगुरा नावानं मिळते, आणि काँगोत न्गाय-न्गाय म्हणून जी आंबट पालेभाजी घरोघरी शिजते ती अंबाडीच्याच घराण्यातली. शेंगदाण्याची ओली चटणी द्या, कच्च्या केळाचे तळलेले काप द्या. भरीत तर द्याच, पण तिखट बेतानं नाही, चांगलं झणझणीत, कारण पिली-पिली म्हणून त्यांची मिरची असते ती आपल्या नंदुरबारच्या मिरचीला घाबरणारी नाही. आणि त्यांच्या घरी जेवायला बोलावलं तर मादेसू मागा, तो टोमॅटो-कांद्यातला घेवडा असतो, मासळी न घालता करता येतो, भाताबरोबर खा.

अजून एक. उन्हाळ्यात त्या बाईला विचारा, भाजी कुठे लावलीये. काँगोची आणि बुरुंडीची बरीच माणसं तिकडे जमिनीचा तुकडा भाड्यानं घेऊन लेंगा-लेंगा पिकवतात, म्हणजे आपला माठ-राजगिरा. आयोवातला मक्याचा शेतकरी ह्याच कुळातल्या गवतावर फवारणी मारून वैतागलेला आणि बाजूच्या वाफ्यात ह्या बायका त्याच्या जुड्या बांधून विकतायत. रताळ्याची कोवळी पानं पण विकतात, त्याला माटेंबेले म्हणतात, ती शिजवून खातात. तुम्ही रताळ्याची पानं कधी टाकून दिली असतील तर ह्यावेळी तिच्याकडून शिकून या.

प्रश्न: मी चाळीसगाव तालुक्यातला, फौजेतून रिटायर. युनोच्या शांतिसेनेत गोमाला ड्यूटी होती. तिथल्या बाया तळ्याकाठी बारीक मासळी वाळवायच्या आणि पिठाचा घट्ट गोळा करून खायच्या. नंतर खूप लोक घरदार सोडून पळाले. हे लोक दुसऱ्या देशात गेल्यावर तेच खातात का?

दादा, तुम्ही बघितली ती किवू तळ्यातली सांबाझा, आणि तो गोळा म्हणजे उगाली किंवा बुगाली. पश्चिमेला किन्शासाकडे त्यालाच फुफू म्हणतात. पीठ कसाव्याचं, मक्याचं, नाहीतर दोन्ही मिसळून. उकळत्या पाण्यात पीठ वैरायचं आणि लाकडी उलथण्यानं ढवळत राहायचं, घट्ट होत जातं तसा खांद्यापासून जोर लागतो, बाई जमिनीवर बसून भांडं पायात धरते आणि दोन्ही हातांनी ओढते. मग गरम गोळा मधे ठेवायचा, हात धुवायचे, उजव्या हातानं लिंबाएवढा तुकडा तोडायचा, बोटात वळायचा, अंगठ्यानं खळगा करायचा आणि त्या खळग्यात भाजी उचलायची. एकाच ताटातून सगळे. जेवणाआधी घरातलं लहान पोर तांब्या आणि घमेलं घेऊन फिरतं आणि मोठ्यांच्या हातावर पाणी घालतं, हे मला त्यांच्या जेवणातलं सगळ्यात आवडतं.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर सरळ नाही. गोमाकडून पळालेला माणूस थेट अमेरिकेत किंवा नॉर्वेत जात नाही. आधी आसपासच्या देशातली छावणी. टांझानियातली न्यारुगुसू छावणी १९९६ पासून आहे, युगांडात नाकिवाले आहे, मलावीत झालेका. तिथे माणसं दहा-दहा, वीस-वीस वर्षं राहिलीयेत, पोरं तिथेच जन्मली, तिथेच लग्नं झाली. आणि छावणीत खायला काय, तर रेशन. मक्याचं पीठ, घेवडा नाहीतर वाटाणा, तेल, मीठ. त्यातही पैसे कमी पडले की रेशन कापलं जातं. मग घरातली बाई मक्याचं पीठ थोडं विकून मूठभर वाळली मासळी आणि टोमॅटो आणते. आता अशा छावणीत जन्मलेला वीस वर्षांचा मुलगा अमेरिकेत पोचला आणि त्याला कुणी म्हणालं की तुझ्या गावचं जेवण सांग, तर तो काय सांगणार? त्याची आई सांबाझा सांगेल, आजी सांगेल केळं, बटाटे, दूध, आणि तो सांगेल मका आणि घेवडा. तिघांचंही खरंच आहे. मला वाटतं स्थलांतरितांच्या जेवणावर बोलणारे लोक ही मधली छावणीची वर्षं साफ विसरतात, काँगो आणि अमेरिका अशी दोनच ठिकाणं धरून बोलतात, आणि त्या रेशनच्या स्वयंपाकात बायकांनी केवढी अक्कल लावली ते कुणाच्या लेखी येत नाही.

२०१६ साली अमेरिकेनं जे निर्वासित वसवले त्यात सगळ्यात जास्त काँगोचेच होते, १६ हजारांच्या वर. तेव्हा तिकडे नियम असा होता की कुटुंब विमानतळावरून घरी पोचेल तेव्हा त्यांच्या सवयीचं, तयार, गरम करून खाता येईल असं जेवण घरात असलं पाहिजे. चांगला नियम होता. पण दुसऱ्या दिवसापासून खरी लढाई. दुकानात मक्याचं पीठ मिळतं, पण पिवळं आणि भरड, आणि ह्यांना पांढरं बारीक पाहिजे. मेक्सिकन लोकांचं पीठ पांढरं असतं पण ते चुन्याच्या पाण्यातून काढलेल्या मक्याचं, त्याची उगाली जमत नाही. मग रवा घेऊन गोळा करून बघतात, बटाट्याच्या पावडरचा करून बघतात. इलेक्ट्रिक शेगडीच्या काचेवर भांडं सरकतं, ते पायात धरता येत नाही, ढवळणार कसं, मग एकजण कापडानं भांडं धरणार आणि दुसरा ढवळणार. मासळी परतली की धुराचा अलार्म बोंबलतो. हळूहळू आफ्रिकन दुकान सापडतं, पांढरं पीठ सापडतं, आणि मग घर लागतं.

गोमा तर जानेवारी २०२५ मध्ये बंडखोरांच्या ताब्यात गेलं, तुम्ही बातम्यांत बघितलंच असेल. म्हणजे पळणं अजून थांबलेलं नाही.

प्रश्न: ते खरंच अळ्या खातात का? (धुळे, कॉलेज विद्यार्थी)

हो, खातात. सगळे नाही, पण खूप जण, आणि आवडीनं. म्बिंझो म्हणतात. पावसाळ्यात ठराविक झाडांवर त्या येतात, बायका-मुलं जंगलात जाऊन गोळा करतात, उकळून उन्हात वाळवतात आणि पोत्यांनी बाजारात येतात. खायच्या वेळी गरम पाण्यात भिजवायच्या, दोन-तीन पाण्यांतून धुवायच्या म्हणजे वाळू निघते, मग कांदा, टोमॅटो, मिरचीवर परतायच्या. वाळलेल्या अळीत वजनाच्या निम्म्याच्या आसपास प्रथिनं असतात. पॅरिसमध्ये शातो रूज भागात, ब्रसेल्समध्ये माटोंगेत त्या विकायला असतात आणि परदेशात तर ती चैनीची गोष्ट होऊन बसते, सणासमारंभाला करायची.

तुझ्या प्रश्नात "खरंच" आहे ना बाळा, त्याबद्दल बोलायचंय. ओडिशातल्या मयूरभंजच्या लाल मुंग्यांच्या चटणीला २०२४ मध्ये जीआय टॅग मिळाला, जळगावच्या भरिताच्या वांग्याला मिळालाय तोच. आपण मध खातो, कोळंबी खातो. कुणाच्या ताटात काय आहे ह्याची किळस ही शिकलेली गोष्ट असते, आणि शिकलेली आहे म्हणजे सोडताही येते. तू खा असं माझं म्हणणं नाही. पण वर्गात कुणी त्यावरून चेष्टा करत असेल तर तू हसू नकोस.

प्रश्न: शिरपूरकडे माझी शेती आहे. कसाव्याची लागवड करावी असं डोक्यात आहे. तुम्ही लिहिलं की पानांचीही भाजी होते, मग दुहेरी फायदा. पण कुणी म्हणतं विषारी असतं. खरं काय?

दोन्ही खरं, म्हणून हे नीट वाचा. कसाव्यात, कंदात पण आणि पानांत पण, सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. गोड जातीत कमी, कडू जातीत भरपूर. काँगोतल्या बायका पिढ्यानपिढ्या हे ओळखून आहेत म्हणून कडू कंद सोलून तीन-चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात, तो मऊ पडतो, आंबतो, विष निघून जातं, मग वाळवून पीठ करतात. किंवा आंबवलेल्या कंदाचा लगदा पानात घट्ट गुंडाळून वाफवतात, ती क्वांगा, आठवडाभर टिकते, नदीतल्या लांबच्या बोटीच्या प्रवासात हीच शिदोरी. हे कष्ट जेव्हा टाळले जातात, म्हणजे दुष्काळात, युद्धात, किंवा व्यापारी घाई करतो म्हणून तीनाऐवजी एकच दिवस भिजवलं जातं, आणि सोबत डाळ-मासळी काही नसतं, तेव्हा कोंझो होतो. चालतं-फिरतं पोर एका दिवसात पायानं अधू होतं आणि ते परत बरं होत नाही. काँगोच्या क्वांगो भागातल्या रुग्णांवर त्रोली नावाच्या इटालियन डॉक्टरांनी १९३८ मध्ये पहिल्यांदा लिहिलं, आणि हा रोग अजूनही होतो, जास्त करून मुलांना आणि तरुण बायकांना. पिठात पाणी कालवून त्याचा पातळ थर पसरून उन्हात दोन तास किंवा सावलीत पाच तास ठेवला तर उरलेलं विष उडून जातं, ही साधी युक्ती तिथल्या गावांत आता शिकवली जाते.

आपला साबुदाणा तामिळनाडूत सेलमकडे होतो, तिथे कंद किसून, धुवून, स्टार्च वेगळा काढून करतात, त्यामुळे तो खायला सुरक्षित. पानांचं मात्र वेगळं, मेथीसारखी फोडणीत टाकून पाच मिनिटांत उतरवली असं अजिबात चालणार नाही. बारीक कुटणं आणि भरपूर पाण्यात झाकण न ठेवता खूप वेळ उकळणं हा चवीचा भाग नाही, तो जीव वाचवण्याचा भाग आहे. लागवड परवडेल की नाही ते कृषी सहायकाला विचारा, पण घरच्यांना पानांची भाजी करून घालायची असेल तर आधी ही रीत पक्की करा. आणि गुरांनी पानं ओरबाडली तर त्यांनाही बाधतं, बांधावर लावू नका.

प्रश्न: आम्ही रावेरचे, केळीवाले. मुलगा बेल्जियमला आहे, म्हणतो इथे आफ्रिकन दुकानात केळी मिळते ती पिकतच नाही, कडक असते. फसवतात का?

कुणी फसवत नाहीये. ती भाजीची केळी, काँगोत माकेंबा म्हणतात. हिरवी असताना उकडून-ठेचून लितुमा करतात, पिवळी झाली की काप तळतात, आणि साल पार काळी पडली की आत गोड होते, ती तर तळून खाल्ली की आपल्या पोरांनी पण बोटं चाटावी. मुलाला सांगा, सुरीनं सालीला उभी चीर देऊन सोलायची, हातानं ओढून निघत नाही. आणि तो ब्रसेल्समध्ये असेल तर त्याला इक्सेलमधल्या माटोंगे भागात पाठवा, किन्शासातल्या एका वस्तीचं नाव आहे ते, १९६०च्या दशकात काँगोचे विद्यार्थी तिथे राहायला लागले, मग दुकानं आली, खानावळी आल्या. तिथे म्वांबे खायला सांगा, पामच्या फळाच्या रश्शातली कोंबडी. जे बेल्जियन लोक काँगोत राज्य करून परत आले ते सुद्धा हे शिकून आले आणि अजून खातात. त्याच भागाजवळ २०१८ मध्ये एका चौकाला काँगोचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांचं नाव दिलं गेलं, म्वांबे खाऊन झाल्यावर तिथे चक्कर मारून यावं.

प्रश्न: मी सुरतेला उधन्याला राहते, माहेर शिंदखेड्याकडचं. आमनाकडे कानबाईना रोट ऱ्हातस, तुमले माहितच शे. नागपंचमीनंतरच्या रविवारी अख्खी भाऊबंदकी गावाला जाते, कितीबी लांब असो. काँगोच्या लोकांत असं एकत्र जेवायचं कारण काय असतं? आणि त्यांची पोरं आईचं जेवण खातात का? आमची तर कळण्याची भाकरी बघून नाकं मुरडतात.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीचे रोट भाऊबंदांनीच मिळून खायचे, म्हणून माणूस सुरतेहून रजा काढून येतो, लूम बंद राहिली तरी चालेल. काँगोच्या माणसाला एवढं सोपं नाही, त्याला परत जायला गाव उरलेलं नाही किंवा कागद नाहीत. त्यामुळे त्यांचं एकत्र येणं जिथे असतील तिथेच होतं.

सगळ्यात मोठं निमित्त मयताचं. मातांगा म्हणतात. माणूस किन्शासात वारला तरी बातमी आली की पॅरिसमधल्या, लंडनमधल्या, अमेरिकेतल्या नातलगाच्या घरी लोक जमायला लागतात, नाहीतर हॉल घेतात, रात्रभर बसतात, गातात, आणि प्रत्येकजण पैसे देतो, वहीत नोंद होते. बायका मोठाली पातेली चढवतात, फुफू, पोंदू, भात, मासळी. आपल्याकडे सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, भाऊबंद कडू घास घेऊन येतात, त्यांच्याकडे आलेल्या प्रत्येकाला खाऊ घालणं हे मयताच्या घराचं काम, आणि त्याचा खर्च सगळे मिळून उचलतात. दुसरं म्हणजे भिशी. तिला लिकेलेंबा म्हणतात, आणि बायकांचे मोझिकी नावाचे गट असतात, सारख्या कापडाचे कपडे शिवून भेटतात, पैसे जमवतात, एकमेकींच्या लग्नाकार्याला, बाळंतपणाला उभ्या राहतात. पॅरिसमध्ये १९८०च्या दशकात काँगोच्या बायकांनी घरातच, नाहीतर मिळेल त्या जागेत, न्गांडा, म्हणजे छोट्या खानावळी, चालवले. लायसन नव्हतं, पोलिसांची भीती होती, पण एकट्या राहणाऱ्या पुरुषांना तिथे आपल्या चवीची मासळी, बिअर आणि आपल्या भाषेत बोलायला माणूस मिळायचा. त्या बायकांनी त्यावर घरं चालवली. आणि रविवारी चर्च, तीन-चार तास, नंतर जेवण.

पोरांचं विचारशील तर सगळीकडे तेच, शाळेत पिझ्झा, डब्यात फुफू नेला तर मुलं चिडवतात, मग पोर म्हणतं मला नको. आई दोन स्वयंपाक करते, मोठ्यांचा वेगळा आणि पोरांसाठी भात-चिकन. आणि ही आई कोण, तर मीटपॅकिंगच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेली. मला मनापासून वाटतं की ह्या सगळ्या कौतुकाच्या गोष्टींत हे कष्ट एकाच माणसावर पडतात त्याबद्दल बोललं पाहिजे. फुफू ढवळायला ताकद लागते ना, मग घरातल्या तरण्या पोरानं ढवळावं. छावणीत, किंवा एकटे राहताना, कितीतरी काँगोचे पुरुष स्वतः रांधायला शिकले, ते नव्या देशात बायको आल्यावर विसरायचं कारण नाही. तुझ्या घरी पण तेच कर. कळण्याची भाकरी पोरांना खायला सांगू नको, थापायला बसव, वाकडीतिकडी झाली तरी स्वतः केलेली खातात पोरं. सगळं एकदम नाही होणार, पण एक-दोन गोष्टी हातात राहिल्या तर पुष्कळ.

प्रश्न: जळगावात माझं घर आहे, वरच्या दोन खोल्या भाड्यानं देतो. सध्या काँगोचे दोन विद्यार्थी राहतात. मुलं सरळ आहेत, भाडं वेळेवर. पण सुकी मासळी शिजवतात आणि गल्लीतले लोक माझ्याकडे येऊन कटकट करतात, कुणी तर काहीबाही बोलतं की हे लोक काय काय खातात कुणास ठाऊक. खोली रिकामी करून घेऊ का?

नका करून घेऊ. काका, हे मी कळकळीनं सांगतेय.

"काय काय खातात कुणास ठाऊक" हे वाक्य कुठपर्यंत जातं ते आपल्या देशानं बघितलंय. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात एक स्थानिक मुलगा वारला, आणि शेजारच्या नायजेरियन विद्यार्थ्यांनी त्याला खाल्लं अशी अफवा उठली. माणूस खाल्ला म्हणे. त्यावरून आफ्रिकन मुलांना मॉलमध्ये गाठून मारलं. त्याच्या आधीच्या वर्षी, मे २०१६ मध्ये, दिल्लीत वसंत कुंजला रिक्षा पकडण्यावरून वाद झाला आणि काँगोच्या एका तरुणाला दगडानं ठेचून मारलं, तो इथे फ्रेंच शिकवायचा. त्याचे पडसाद किन्शासात उमटले, तिथल्या भारतीय दुकानांवर हल्ले झाले. तुमच्या गल्लीत असं होईल असं मी म्हणत नाही, जळगावची माणसं मला माहितीयेत. पण पहिलं वाक्य जिथे बोललं जातं तिथेच त्याला उत्तर द्यायचं असतं, आणि ते उत्तर घरमालकानं दिलं तर गल्ली ऐकते. सांगा त्यांना, भात, मक्याचं पीठ, पालेभाजी, शेंगदाणे आणि मासळी खातात, बोंबील आणि सुकट आपल्याच बाजारात विकतात आणि घेणारे आपलेच लोक असतात.

आता वासाचं. वास येतो हे खरंय, शेजाऱ्यांना त्रास होतो हे पण खरंय, त्याच्यावर उपाय करता येतो. मुलांशी बसून बोला, तक्रार म्हणून नाही, काय काय मिळत नाही तुम्हाला इथे असं विचारा. मग त्यातल्या एकाला घेऊन बाजारात जा. त्यांना पांढरं मक्याचं पीठ हवं असेल, सातपुड्यात आपले पावरा-भिल्ल लोक पांढऱ्या मक्याची भाकरी खातात, त्या भागातून मका आणून चक्कीवर बारीक दळून द्या, तोवर बारीक रवा चालेल. अंबाडी दाखवा, माठ दाखवा, रताळ्याचा वेल कुणाच्या शेतात असेल तर त्याची पानं मिळवून द्या. शेंगदाण्याचा कूट तर तुमच्या घरातच असेल. हे सगळं मिळालं की सुकी मासळी आपोआप कमी होईल, कारण जेव्हा आपलं दुसरं काहीच मिळत नाही तेव्हा माणूस मिळतं तेच रोज शिजवतो. जी मासळी उरेल ती गरम पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून मग शिजवली तर वास पुष्कळ उतरतो, आणि ती रविवारी दुपारी शिजवायची असं ठरवून घ्या, पोरं ऐकतील. वरच्या खोलीतल्या ओट्यापाशी एक्झॉस्ट फॅन बसवा, त्याचं तोंड गल्लीकडे नको, मागच्या बाजूला काढा. खर्च तुम्ही करा, भाड्यात वाढवू नका.